फळ्यावरून उतरवलेला नवरा

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही फार मनाला लावून घेता! अहो, लावून घेऊ नको तर काय करू? बसा, बसा त्या बाकावर, वर्ग सुरू व्हायला अजून दहा मिनिटं आहेत. नवीन तुकडी ना तुम्ही सगळे? कादंबरी लिहिलीत? वा! मीही असाच आलो होतो, याच जिन्यावरून, बगलेत चारशे पानं घेऊन, धापा टाकत. परत जा असं काही मी म्हणणार नाही, पण एक सांगून ठेवतो. आत भिंतीवर एक फळा आहे. त्याच्याकडे जरा जपून बघा.

आपल्या संपादकबाई शुद्धलेखनबिद्धलेखन बघत नाहीत हं, ते कुणीही बघेल. त्या गोष्ट मुळापासून उकलतात. प्रत्येक पात्राची एक चिठ्ठी करायची, टाचणीने फळ्यावर लावायची, आणि मग बाई एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून, दाताचा डॉक्टर 'दुखणार नाही हं' म्हणतो ना, तश्शा गोड आवाजात विचारतात, ‘याला काढलं, तर काय बिघडतं?’ उत्तर आलं तर पात्र राहिलं. नाही आलं तर टाचणी निघाली, माणूस खलास!

आता माझी कादंबरी म्हणजे काय, आमच्याच घरावर बेतलेली. पहिल्या आठवड्यात थोरले काका गेले, दुसऱ्या आठवड्यात शेजारी आणि त्याचा कुत्रा. मला तर हलकंहलकं वाटायला लागलं हो! तिसऱ्या आठवड्यात बाईंचं बोट नायकाच्या बायकोवर. ‘हिला काढलं, तर काय बिघडतं?’ मी तोंड उघडलं... आणि तुम्हाला सांगतो, ते उघडंच राहिलं! दार उघडते, ताट वाढते, ‘आलात?’ म्हणते... चारशे पानांत तिच्याबद्दल एवढंच लिहिलं होतं मी. शेवटी मीच म्हणालो, ऐका, मीच, ‘काही नाही बिघडत.’ आणि मीच टाचणी उपटली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट मात्र मी पार विसरलो. माझं अक्षर माझं मलाच लागत नाही, तर हे सगळं टाइप कोण करतं? आमची ही! लग्नाला तीस वर्षं झाली, तेव्हापासून. नवा खर्डा नेहमीसारखा तिच्या टेबलावर टाकला आणि मी पेपर वाचत बसलो. आतून टकटक, टकटक... आणि एकदम थांबली. म्हटलं, आली! आता भांडणार! भांडली असती ना, तर फार बरं झालं असतं हो. पण नाही, पुन्हा टकटक सुरू, थेट शेवटच्या पानापर्यंत. पानं नीट लावून माझ्यापुढे ठेवली आणि एवढंच विचारलं, ‘अहो, तुमच्या त्या वर्गात आणखी माणसं घेतात का?’

आणि मी शहाणा! अर्ज मीच आणून दिला!

मग घरात सुरू झालं. माझी आरामखुर्ची. ही दारात उभी, मान तिरकी, ‘हिला काढलं, तर काय बिघडतं?’ खुर्ची गेली. माझं पुस्तकांचं कपाट, बाथरूममधला माझा आरसा... आवाज तोच हो, बाईंचा, गोड! परवा मुलीचा फोन आला, ती विचारत असणार बाबा कुठेत, कारण ही म्हणाली, ‘असतील.’ मी समोर बसलोय! दोन हातांवर!

आणि इकडे माझ्या कादंबरीवर बाईंचा शेरा काय? ‘नायक घरी येतो, बेल वाजवतो. दार कोण उघडतं?’ आता कोण उघडणार, कपाळ? तीन पानं झाली, बिचारा बाहेरच उभा आहे.

गेल्या आठवड्यात फळा हिचा होता. तिच्या कादंबरीत एक नवरा आहे, चष्मा लावतो, अक्षर वाईट. बाईंनी बोट ठेवलं. ‘याला काढलं, तर काय बिघडतं?’ मी हात वर केला. बाई म्हणाल्या, ‘पात्रांनी बोलायचं नाही हं,’ आणि सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार? बाईंनी विचारलं, ‘मग याचं करायचं काय? मारणार? परगावी धाडणार?’ तर ही म्हणाली, ‘छे हो, मारायचं कशाला? नुसता उल्लेख थांबवते. वाचकाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.’ आणि टाचणी काढली, इतक्या हलक्या हाताने की कागदाला भोकही दिसेना.

काल संध्याकाळी घरी गेलो, बेल वाजवली. किल्ली मी आयुष्यात कधी जवळ बाळगली नाही, वेळच आली नव्हती. आतून पावलं आली. दारापाशी थांबली... आणि परत गेली. अर्ध्या तासाने ही भाजीला निघाली तेव्हा दार उघडलं. मी तिथेच हात जोडले, ‘माझं चुकलं गं, पहिल्या पानापासून तुला परत घेतो!’ तर जिन्यातल्या खांबाला वळसा घालावा तशी मला वळसा घालून खाली गेली.

म्हणून ही चिठ्ठी आणलीय, बघा. तिच्याच पात्राची. पुन्हा लिहिलीय, दोन्ही बाजूंनी, समासातसुद्धा. तिला काढलं तर काय काय बिघडतं, ते सगळं. जागा पुरली नाही हो. आज फळ्यावर लावणार, सगळ्यांसमोर...

आली! दार उघडलं ना, तीच आमची ही. बाईंनी तिला मदतनीस नेमलंय, खुर्च्या तीच मोजून मांडते. ऐकलंत? ‘या, सगळे आलात ना?’ सगळे म्हणाली! थांबा, आत किती खुर्च्या आहेत? सात. आणि तुम्ही... पाच, सहा, सात.

बसा, बसा तुम्ही. टाचणी आहे का हो कुणाकडे? नाही? असू दे. मी फळ्याशेजारी उभा राहतो, चिठ्ठी हातात धरून. तेवढ्याने काय बिघडतं?