उपसभापतींचं नाव

दादाचा विषय निघालाच आहे, तर एक सांगूनच टाकतो. मी चौथीत शाळा सोडलेली आणि तो नाशिकच्या कॉलेजात राज्यशास्त्राचा नवा प्राध्यापक. आमच्या पंचायत समितीत निर्णय नेमके कोण घेतं आणि कुठे, यावर त्याचा प्रबंध चालला होता. पुढारी त्याच्याशी मोकळं बोलायचे, कारण कोण काय बोललं ते दादा कुणाला सांगत नसे. मी नुसता त्याला मोटरसायकलवर न्यायचो.

एकदा त्यानं सभापतींना विचारलं, "सगळं सभेच्या आदल्या दिवशी तुमच्या मळ्यातच ठरतं म्हणे?"

सभापती हसले. "कोण म्हणतं? का घरबसल्या रचता, प्राध्यापक?"

माझं डोकं फिरलं. "दादा रचत नाय! तुमच्या उपसभापतींनीच सांगितलंय, माझ्यासमोर!"

दादानं वही मिटली. त्यानंतर तालुक्यातला एकही पुढारी त्याच्याशी बोलला नाही. उपसभापतींचं पद गेलं, दादाचा प्रबंध अर्धाच राहिला. मला मात्र तो एका शब्दानं बोलला नाही.

परवा त्याच्या दशक्रियेला तेच उपसभापती गोदाघाटावर आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या दादावर लय राग होता रे माझा. पण दुसऱ्याच दिवशी घरी येऊन पाय धरले त्यानं. म्हणाला, आबा, माझ्याच तोंडून गेलं तुमचं नाव."

तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "आबा, जेवून जा."