दरबारचा लखोटा

नाही, नाही, तुम्ही बोलू नका, संताजीराव, तोंडात टाचण्या आहेत — गिळाल एखादी. मापच घ्या. गळा बंद, लांबी गुडघ्याखाली, दसऱ्याच्या दरबारला चालेल असा. असं काय बघता? पेन्शनीतल्या इंग्रजीच्या मास्तरला दरबारचं बोलावणं कसं, असंच ना? अहो, मी करस्पॉन्डंट! एकवीस वर्षं. म्हणजे — हा शब्दही कुणाला कसा लावतील सांगता येत नाही. कॉफीच्या मळेवाल्या साहेबांच्या साप्ताहिकात कुत्रं हरवल्याचं पत्र धाडणारासुद्धा करस्पॉन्डंट. मिशनच्या मासिकात शाळेत किती मुली आल्या ते कळवणारा पाद्री, तोही करस्पॉन्डंट. आणि मद्रासच्या इंग्रजी दैनिकात म्हैसूरहून मी — ‘अवर ओन करस्पॉन्डंट’. ओन! घरचा माणूस. नाव छापत नाहीत, पण ओन. मी कात्रण काढायचो ते बातमीचं नव्हे, तेवढ्या ओळीचं. वही भरलीय. हसू नका — हात वर करू? करतो.

तो खुंटीवरचा कोट कुणाचा हो, शिवून तयार दिसतो? हयग्रीवाचा? वाटलंच मला. कापड बघा, बटणं बघा! माझाच विद्यार्थी. आधी काय घडलं ते लिही, विशेषणं मागाहून — हे त्याला कुणी शिकवलं? मी. आता तो ‘स्पेशल करस्पॉन्डंट’, आणि मुंबईच्या सचित्र साप्ताहिकात तर नावासकट, फोटोसकट! मी एकवीस वर्षांत एकदा तरी फोटो मागितला का? मागितला होता खरं तर. एकदा. उत्तर आलं नाही. आणि वाटेत भेटला की ‘मेष्ट्रे’, मास्तर, म्हणून वाकून नमस्कार करतो, त्यानंच जास्त झोंबतं. उद्धट असता तर बरं झालं असतं.

मद्रासला स्पेशल कशाला हवा होता, विचारा. विचारू नका, मीच सांगतो — मागच्या दसऱ्याला माझी बातमी उशिरा पोचली. मिरवणुकीत हत्ती एकोणीस की वीस, याची खात्री होईना. तीन दिवस माहुतांकडे खेपा घातल्या. हयग्रीवानं तार केली, ‘पुष्कळ हत्ती’. पुष्कळ! आणि तेच छापलं! चैत्रात मला संपादकाचं पत्र आलं, दीर्घ सेवेबद्दल आभार, आम्ही दुसरी व्यवस्था केली आहे. तेव्हापासून — घरी बोललो नाही अजून. बायकोनं आज सकाळीच माझा जरीचा पेटा, दरबारी पागोटं, उन्हात घातलाय. तुम्हीही बोलू नका.

मग बोलावणं कसं? हे बघा की. राजवाड्याची मोहर. ‘द करस्पॉन्डंट, म्हैसूर.’ नाव आहे का? नाही. टपालवाल्यानं एकवीस वर्षांच्या सवयीनं माझ्याच हाती दिला. मी थोडाच चोरला? मी फक्त... परत केला नाही. हयग्रीव बिचारा चार दिवस राजवाड्याच्या कचेरीत खेटे घालतोय, माझं कार्ड कुठं अडलं म्हणून. तुम्हालाही सांगितलं असेल त्यानं. सांगितलं ना? तरीच मघापासून तुमचा टेपचा हात थांबलाय.

तो कोट काढा जरा. सुम्ने, उगाच आपला घालून बघतो. अहो, फाडत नाही! — बसला की! खांदे बघा, बाह्या बघा, माझ्याच मापाचा. लखोटा आतल्या खिशात असा... आरशात बघा, संताजीराव, शोभतो की नाही? खरं सांगा. नको, सांगू नका.

कोण ते? कोपऱ्यावर, सायकलवरनं उतरतोय — तोच. काढा, काढा लवकर, बटणं सांभाळा! खुंटीवर टाका, होता तसा. काय? लखोटा? खिशातच राहिला...

राहू दे. हात घालू नका. त्याला सापडेल. कुणी ठेवला म्हणून विचारलं तर नाव सांगायचं नाही, आमच्यात ती पद्धतच नाही. माझं कापड गुंडाळून ठेवा, कापू नका. आणि मागचं दार मार्केटकडेच उघडतं ना? सरका.