युवराजदादांचा गुरुवार

वहिनी, मॅनेजरसाहेब आणि हातातलं काम ठेवून आलेल्या माझ्या भावांनो,

मला भाषण येत नाही, सांभाळून घ्या. शनिवारी आपल्या मिलच्या ऑर्डरी घेणारे युवराजदादा माझ्याशी भांडून घरी गेले. रविवारी सकाळी त्यांच्या घरून, डिंडोलीहून फोन आला. छातीत कळ आली आणि दादा गेले. भांडण तसंच राहिलं.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. दादांनीच मला कापड रंगवायच्या या डाइंग मिलमध्ये आणलं. "सहा महिन्यांत तुला स्वतःचं टेबल देतो," म्हणाले. दोन वर्षं मी त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर मशीनांचं प्लॅनिंग करतेय. हसा, हसा. दादाही हसायचे.

दादांना नाही म्हणता येत नव्हतं. माल घेणाऱ्या पार्टीचा फोन आला की, "थई जशे, शेठ!" होऊन जाईल म्हणे. मग माझ्याकडे वळून, "पोरी, बसव कुठेतरी."

"दादा, मशीनं तेवढीच आहेत."

"कसाले घाबरस? ग्रॅज्युएट ना तू?"

मी बसवायचे. आणि ती घाई तुमच्या अंगावर यायची. भिकनभाऊ, तुमचा हात अशाच घाईत वाफेने पोळला. दवाखान्यात दिवसभर तुमच्याजवळ कोण बसलं? दादा. आणि तिथूनच फोनवर पुढची तारीख कोणी दिली? तीही दादांनीच.

शनिवारी त्यांनी एका शेठना आठवड्याभराचं काम येत्या गुरुवारी द्यायचं कबूल केलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, तुम्ही खोटं बोलताय." त्यांनी डबा उचलला आणि निघून गेले.

आत्ता मॅनेजरसाहेब म्हणाले, दादांचा गुरुवारचा शब्द पाळू, हीच खरी श्रद्धांजली. तुम्ही माना हलवल्या. मी पाहिलं. साहेब, माफ करा, मला हे पटत नाही. तो शब्द पाळायचा म्हणजे आजपासून सगळ्यांना डबल पाळी. परत वाफ, परत घाई. या वेळी कोणाचा हात?

म्हणून सकाळी मी त्या शेठना फोन केला. तुम्हाला न विचारता केला, साहेब. दादा गेले, माल गुरुवारी नाही, पुढच्या सोमवारी निघेल, एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "बेन, सोमवारे चालशे." आणि विचारलं, गुरुवार जमणार नाही हे आधी का नाही सांगितलं?

दादा, आपण एकदा तरी विचारून पाहायचं होतं!

वहिनी, त्यांचा शेवटचा शब्द मी मोडला. राग माझ्यावर धरा. शनिवारी चारचौघांत त्यांना तसं बोलायला नको होतं, त्याची माफी मागते. गुरुवारची माफी मागत नाही. साहेब, यानंतर केबिनमध्ये बोलवा, मी येईन.

आता दादांसाठी उभे राहू या. आणि कोणी घड्याळाकडे बघू नका.