दोघांचा एकच नंबर

दाढदुखीने गाल सुजलेल्या शिक्षिकाबाई दातांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको होते.

"अहो, दात दुखतोय की डोकं?"

"डोकं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला नेटवर्कचं कार्ड बसवलं, ते चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम फ्लॉपीवरून चारदा घातला. कार्ड सुरू झालं की माऊस मरतो. उद्यापर्यंत जमलं नाही, तर साहेब हे काम दुसऱ्याला देणार."

"दोघांचं भांडण आहे का?"

"दोघंही तीन नंबरवरूनच हाक मारतात. कोणाला ओ द्यायची ते कॉम्प्युटरला कळत नाही, मग तो गप्प बसतो."

"म्हणजे तुमच्यासारखाच."

"माझा काय संबंध?"

"आईंनी आणि मी एकदम हाक मारली, की तुम्ही पेपर तोंडापुढे धरता."

"घरात ड्रायव्हर घालून भागत नाही."

"तिथे तरी कुठे भागलं? कार्डाला वेगळा नंबर द्या."

नवऱ्याने बोटांवर नंबर मोजले.

"दहा मोकळा आहे."

"मग द्या. आणि ड्रायव्हरलाही कळवा, नाहीतर तो जुन्याच दारात उभा राहील."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"सात वर्षं तुमच्या घरात राहतेय."

नवऱ्याने काउंटरवरून ऑफिसात फोन लावला, सहकाऱ्याला नंबर बदलायला सांगितलं, आणि थोड्या वेळाने हसत परतला.

"दोन्ही चालतायत."

"छान. आता घरचं सांगा. पहिली ओ कोणाला?"

तेवढ्यात आतून शिक्षिकाबाईंना बोलावणं आलं. त्या गालावरचा हात न काढता म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाला तरी घ्या. मला घाई नाही."