भिंत बघायची नोकरी

सकुबाई : हळू रे दामू, हळू काढ. मालकांच्या फोटोची काच हाय ती. फुटली तर तसाच उघडा टांगू काय त्यांना?

दामू : फुटत नाय, बाय. कणीक वाळलीय, म्हणून धरून बसलीय. अनिता, तो चाकू दे जरा. बोथट असला तरी चालंल.

अनिता : घ्या मामा.

सकुबाई : वाटीभर कणीक भिंतीला चोपडली यानं. चार दिवस झाले, येणारी-जाणारी विचारतात, भिंतीला चष्मा कशाला लावलाय म्हणून.

दामू : चष्माच हाय तो. आली बघ सुटून. अनिता, खोलीकडच्या अंगाला हात लाव. ओलं लागतं?

अनिता : नाही. खडखडीत आहे.

दामू : आता उलटी कर. भिंतीला चिकटलेलं अंग बघ.

अनिता : अगोबाई! थेंब आहेत, मामा. बोटांवरून ओघळतंय.

दामू : हां.

सकुबाई : हां काय? नीट सांग की. तुझं हे असंच. अर्धं बोलायचं, अर्धं गिळायचं.

दामू : सांगतो. खोलीतल्या दमटीनं भिंत भिजत असती, तर काच पुढून ओली झाली असती. ही मागून ओली हाय. म्हणजे पाणी भिंतीच्या पोटातनं येतं.

अनिता : म्हणजे माझ्या कपड्यांचं नाही?

दामू : नाय.

अनिता : परत सांगा ना, मामा. जरा मोठ्यानं सांगा.

दामू : ही बुरशी तुझ्या ओल्या कपड्यांनी आलेली नाय. म्हणजे, मला तसं वाटतं.

सकुबाई : बघ! वाटतं बोलला. खात्रीनं कुठं बोलला?

अनिता : आई, तुम्ही माझी दोरी कापलीत. शेजारच्या धोंडूबाईंसमोर म्हणालात, ही खोलीत लुगडी वाळवते म्हणून घराला काळं आलं, नातीची छाती भरली. मी पावसात वैशूचे कपडे गोठ्यात वाळवले, गुरांच्या डोक्यावर.

सकुबाई : मग काय करणार? डोळ्यांना जे दिसलं, ते बोलले.

दामू : तुमी दोघी भांडा. मी तवर रेघ बघतो.

सकुबाई : कसली रेघ?

दामू : ही पेन्सिलीची. काच लावली त्याच दिवशी ओल जिथवर होती तिथं मारली होती. तारीख घातलीय बघ, आठ डिसेंबर अठ्ठ्याण्णव. आज बारा. ओल जिथं होती तिथंच हाय. बोटभर खाली नाय.

अनिता : पण हे दरवर्षी सांगतात, स्लॅब गळतो. दोनदा वर डांबर ओतलं यांनी. आणि दर दिवाळीला ऑइल पेंट.

दामू : रघू माझा भाचा हाय, त्याला नावं ठेवत नाय. पण वर बघ. स्लॅबखाली भिंत कशी हाय?

अनिता : पांढरी. चांगली आहे.

दामू : आन खाली? गुडघ्यापासनं कमरेपर्यंत काळं, त्याखाली मिठासारखं फुललेलं. वरनं गळतं, तर वर आधी दिसलं असतं. आन पाऊस जाऊन दोन महिने झाले की. मग हिला पाणी कोण पाजतं?

सकुबाई : तूच सांग. तीस वर्सं धरणावर भिंतीकडं बघायचा पगार घेतलास. आमचा बाप बोलायचा, दाम्याची नोकरी काय, तर भिंत बघायची.

दामू : बाप बोलायचा खरं. या भिंतीपलीकडं काय हाय, बाय?

सकुबाई : काय असणार? परस. माझं अळू.

दामू : चला बघू. मागचं दार उघड, अनिता.

अनिता : सांभाळून मामा, पायरी निसरडी आहे.

सकुबाई : बघ, डोळं भरून बघ. पानं बघ, सुपाएवढी. एवढं अळू आपल्या गावात नाय, भातसानगरच्या तुमच्या साहेबांच्या बंगल्यातबी नसंल. पाण्याला कमी नाय ना. मोरीचं सगळं पाणी यालाच.

दामू : मोरीचा पाइप इथंच भिंतीपाशी सुटतो?

सकुबाई : मग? आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं, सगळं.

दामू : आन ते पुढं वाहून जात नाय?

सकुबाई : जाईल कसं? बांध घातलाय मी, माझ्या हातानं. तिन्ही बाजूंनी माती चोपून, खाचराला घालतो तसा. एक खेकडं भोक पाडू शकणार नाय. चौथ्या बाजूला ही भिंत हायच आयती.

दामू : सरक, बांध बघू दे जरा.

सकुबाई : काय रे? काय बघतोस?

दामू : बाय, तू धरण बांधलंस.

सकुबाई : काय?

दामू : तिकडं आमच्या धरणाच्या पोटात बोगदा हाय. त्यात भिंतीतनं पाझरून येणारं पाणी मी रोज मोजायचो. तिथं एवढी जाड भिंत, तरी थोडं येतं. तुझी तर नऊ इंचाची. बारा महिने पाणी उशाला घेऊन उभी हाय बिचारी.

अनिता : आई… बसा जरा. इथं पायरीवर बसा.

सकुबाई : नको हात लावू. मला नीट कळू दे. म्हणजे हे पाणी आत जातं. त्यानं ती काळी बुरशी. आन तिनं पोरीची छाती.

दामू : डॉक्टर शहापूरचे तसंच बोलले ना? भिंत नीट करा, नायतर पोरीला तिथं झोपवू नका.

सकुबाई : वैशूला अळूवड्या लागतात म्हणून वाढवलं रे मी हे. येताजाता तांब्याभर पाणी जास्तीच घातलं. आन पोरगी गेली मुरबाडकडं, वैशाखऱ्याला आजोळी.

दामू : तुझी चूक नाय, बाय. पाणी दिसलं की आपला हात बांध घालतो. पिढ्यांची सवय. आन माझंबी चुकत असंल. आधी बघू या. बांध फोडू, पंधरा दिवस मोरी बंद ठेवू. रेघेखाली ओल उतरली तर खरं.

अनिता : मी फावडं आणते.

सकुबाई : आण. पण माझ्या हातात दे. मी बांधला, मीच फोडणार.

*

अनिता : मामा, संक्रांत झाली. हे रोज विचारतात, रंग कधी? डबा आणून ठेवलाय.

दामू : डबा परत कर म्हणावं त्याला. ओल वीतभर उतरलीय. पण भिंत अजून हाताला गार लागते. आधी हा जुना रंग काढू. बघ, पापडासारखा सुटतो. पाच थर दिलेत. आत ओल, तोंडावर रंग. भिंतीनं श्वास कुठनं घ्यायचा?

सकुबाई : सरका, मी खराट्यानं खसाखसा झाडून टाकते.

दामू : नको गो बाय! कोरडं झाडलंस तर तीच काळी भुकटी घरभर उडंल. आधी पाणी शिंपड. अनिता, तुमी दोघी नाकाला ओलं फडकं बांधा, खिडक्या उघडा. खाली प्लास्टिक अंथर. प्लॅस्टर भुसभुशीत झालंय, ते विटेपर्यंत उतरवू, रेघेच्या वर हातभर. जे पडंल ते पोत्यात भरून लांब पुरू.

अनिता : आणि वैशूची गादी? कापसापर्यंत काळे ठिपके आहेत.

दामू : ती जाऊ दे. गोधड्या उकळत्या पाण्यातनं काढ, उन्हात टाक. कापूस धुऊन सुटत नाय.

सकुबाई : आन पाइप?

दामू : लांब नेलाय, पार केळीपर्यंत. उतार धरलाय. भिंतीलगतची माती जोत्याच्या खाली काढलीय. तुझे अळवाचे कांदे तिकडंच लाव. भिंत सुकली की चुन्याचा गिलावा, वर चुनाच. ऑइल पेंट नाय.

सकुबाई : मग झालं की सगळं. उद्या रघूला पाठवते, घेऊन येऊ दे पोरीला. होळीला घरी पायजे ती.

अनिता : मामा?

दामू : नाय.

सकुबाई : नाय म्हंजे?

दामू : एक पाऊस जाऊ दे, बाय.

सकुबाई : एक पाऊस! पाच वर्सांची गेली ती सहाची होऊन येणार? पहिलीत नाव तिकडं घालायचं? शेजारणी काय बोलतात माहीत हाय? सकूनं नात घरातनं हुसकली. दामू, हो बोल एकदा. तुझं काय जातं रे?

दामू : माझं काय जात नाय. पोरीचा दम जातो.

सकुबाई : एवढं काम करून तुझीच तुला खात्री नाय!

दामू : नाय खात्री. कुठली भिंत खरी, ते भरल्या पाण्यात कळतं. उन्हाळ्यात सगळ्याच भिंती चांगल्या. तीस वर्सात मी कधी अंदाजानं आकडा लिहिला नाय. आता भाचीच्या लेकरावर… नाय, भाच्याच्या. बघ, बोलताना चुकतो मी. पण हे नाय चुकवणार.

अनिता : आई, मला रोज तिच्यावाचून घास उतरत नाही. तरी मामा म्हणतात तसंच करू.

सकुबाई : करा. तुमी दोघं एक झालात. आण ते फडकं, बांध माझ्या नाकाला. आवळून बांध.

(घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. तीच खोली.)

अनिता : या मामा. काल मुरबाडवरून साडेचारच्या एसटीनं आली. इथंच झोपली रात्री. मी बाजूला जागीच होते, कान लावून. एकदाही उठली नाही. शिट्टीसारखा आवाज येतो ना छातीत, तोही नाही.

दामू : एक रात्र झाली. आणखी बघू.

अनिता : तुम्ही म्हणालात तसं पावसाळाभर दर सोमवारी रेघ बघितली. जुलैत अकरा दिवस झोडपलं, तेव्हाही इथं कोरडं. काच परत लावली होती. दोन्ही अंगांनी कोरडी निघाली.

दामू : दोन्ही अंगांनी?

अनिता : दोन्ही. मीच काढली. आता मामंजींच्या फोटोला बसवली परत. यांना सांगितलं, कुठे पाणी मुरलं की आधी मामांना बोलवायचं, मग डबा आणायचा.

दामू : छे, छे. मला काय येतं? पाणी कुठनं येतं एवढंच बघत आलो. वैशू कुठं?

अनिता : अळवाची पानं आणायला गेलीय, केळीपाशी. आजीनं पाठवलं.

दामू : आन ही दोरी? खोलीत दोरी कोणी बांधली?

अनिता : मी नाही.

दामू : मग?

अनिता : सकाळी उठले तर बांधलेली होती. नवीन, नायलॉनची. वैशूचा फ्रॉकही वाळत घातला होता.

दामू : बाय, तू बांधलीस?

सकुबाई : पाऊस अजून हाय. पोरीचे कपडे काय गोठ्यात वाळवायचे?

दामू : बरं केलंस. फक्त खिडकी उघडी ठेवत जा गो.

सकुबाई : ठेवलीय. दिसत नाय?

दामू : दिसतंय. पण तू अशी जमिनीवर काय बसलीस? पाट घे. काय करतेस तिथं?

सकुबाई : भिंत बघते. सरक जरा, उजेड अडतो.