मेल जातो कुणाला?

[शनिवारची दुपार. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. सासूबाई चष्मा पुसताहेत, मुलगी आतल्या खोलीत बाळाला झोपवते आहे.]

जावई : आई, तुमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टला मेल पाठवायचा प्रोग्रॅम कशाला लागतो?

सासूबाई : हळू बोला. बाळाचा आत्ता कुठे डोळा लागतोय.

जावई : हळूच विचारतो. कशाला लागतो?

सासूबाई : साहेबांनी तुम्हाला गाठोडं बांधायला सांगितलंय ना? बांधा. गाठोडं बांधणारा कपड्यांचे खिसे तपासत नाही.

जावई : पॅकेज करताना तपासावेच लागतात. कुठल्या स्क्रिप्टला चालायला काय काय लागतं, ते सगळं लिहून द्यावं लागतं. तुम्ही पेनड्राइव्ह घेऊन शाखाशाखांत फिरायचात, ही फाइल इथे टाक, ती तिथे टाक. आता एका कमांडमध्ये सगळं बसलं पाहिजे.

सासूबाई : मी हाताने बसवत होते तेव्हा कुणाचं अडलं नव्हतं.

जावई : आज कोऱ्या मशीनवर पॅकेज बसवून पाहिलं. सगळ्या स्क्रिप्ट गुमान चालल्या, ही एकटी हटून बसली. म्हणे मेलचा प्रोग्रॅम सापडत नाही. बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टला पत्रं कुणाला लिहायची असतात?

सासूबाई : लिहीत असेल साहेबांना.

जावई : साहेबांना असा कुठलाही मेल येत नाही. विचारलं मी. मोघम.

सासूबाई : मुलाखतीलाही मोघमच बोलत होतात. पुढे जावई व्हाल हे ठाऊक असतं तर तेव्हाच नापास केलं असतं.

जावई : मग मी फाइल उघडली. खाली बऱ्याच रिकाम्या ओळी सोडून, अगदी तळाला, एक ओळ आहे. एवढ्या रिकाम्या ओळी कशाला, आई?

सासूबाई : वाचणाऱ्याला दम घ्यायला.

जावई : त्या ओळीत पत्ता आहे. तुमचा. तुम्ही कधीच्या रिटायर झालात, आमच्याकडे राहायला आलात, तुमची खुर्ची मला मिळाली, आणि ऑफिसचं मशीन अजून रोज पहाटे तुम्हाला मेल करतंय!

सासूबाई : सवय आहे त्याला.

जावई : मशीनला सवय नसते.

सासूबाई : तुम्ही नवीन आहात.

जावई : काय लिहितं ते?

सासूबाई : बॅकअप झाला. डिस्कवर इतकी जागा उरली. तब्येत ठीक.

जावई : आणि?

सासूबाई : आणि काल कोण कोण लॉगिन झालं. किती वाजता आलं, किती वाजता गेलं.

जावई : म्हणजे माझ्यावर पाळत.

सासूबाई : पाळत मशीनवर. तुम्ही मध्ये येता.

जावई : साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल, आई. ऑफिसची माहिती बाहेरच्या माणसाला...

सासूबाई : बाहेरच्या?

जावई : कागदोपत्री म्हणतोय.

सासूबाई : बरं. मग मीही कागदोपत्रीच विचारते. दर रविवारी ‘सर्व्हर अडलाय’ म्हणून तुम्ही डबा घेऊन निघता. बरोबर?

जावई : हो.

सासूबाई : दर सोमवारी मला मेल येतो. रविवारी लॉगिन, कुणीही नाही.

जावई : बाळ उठलं वाटतं.

सासूबाई : बाळ झोपलंय. कुठे जाता?

जावई : ऑफिसलाच.

सासूबाई : आणि मशीनला हात लावत नाही? लांबून दर्शन घेऊन येता?

जावई : कधीपासून माहीत आहे तुम्हाला?

सासूबाई : पहिल्या रविवारपासून.

जावई : आणि हिला सांगितलं नाहीत?

सासूबाई : खात्री झाल्याशिवाय मी कुणाचं अकाउंट बंद करत नाही. कोण आहे ती?

जावई : कोण ती?

सासूबाई : तेच विचारतेय.

जावई : अहो आई, मी झोपतो!

सासूबाई : काय?

जावई : मशीनच्या खोलीत. रॅकच्या मागे कुणाची तरी सतरंजी पडलेली असते. गार असतं. पंख्यांचा एकसुरी आवाज. कुणी बोलत नाही.

सासूबाई : निळी सतरंजी?

जावई : हो. तुम्हाला काय माहीत?

सासूबाई : त्या खोलीतलं सगळं मला माहीत आहे. घरी काय झालंय झोपायला? इथे कोण बोलतं?

जावई : जाऊ द्या.

सासूबाई : बोला. आता मोघम नको.

जावई : दात घासायला गेलो की नळ किती सोडायचा ते तुम्ही सांगता. चहा करायला गेलो की गाळणं कसं धरायचं. बाळाला उचललं की मान. सुटून ऑफिसला जातो, तुमच्या स्क्रिप्ट उघडतो, तर तिथेही ओळीओळीला तुमचा शेरा, ‘याला हात लावू नये.’ आठवड्यातून एक दिवस, आई, मला नुसतं...

सासूबाई : कळलं. म्हणजे इतके महिने मी जिच्या मागावर होते, ती बाई मीच.

जावई : तसं नव्हतं म्हणायचं मला.

सासूबाई : लॉगमध्ये जे आहे ते आहे. काढून टाका ती ओळ.

जावई : काढतो. म्हणजे पहाटे उठल्याउठल्या तुम्ही फोन बघता, तो हाच...

सासूबाई : हाच. दुसरं कोण मेल करतंय मला? एक मशीन आणि एक ते चष्म्यावर सूट देणारे.

जावई : मग राहू दे का ती ओळ?

सासूबाई : असं तोंड करू नका. पॅकेज स्वच्छ हवं. बाहेरच्या माणसाचा पत्ता आत नको, हे तुमचं बरोबर आहे. मी तुमच्या जागी असते तर विचारत बसले नसते, सरळ काढली असती.

जावई : आणि हे सगळ्या शाखांत बसणार. रोज शाखाशाखांतून मेल आले असते तुम्हाला.

सासूबाई : चालले असते.

जावई : एक करता येईल. बसवताना पॅकेज विचारेल, अहवाल कुणाला पाठवायचा? आपल्या ऑफिसात मी माझा पत्ता देतो. सकाळी चहाच्या वेळी तुम्हाला तोंडी सांगत जाईन. बॅकअप झाला, तब्येत ठीक.

सासूबाई : मला सांगायला तुम्ही रोज चहाला थांबणार?

जावई : थांबेन. गाळण्याबद्दल बोलायचं नाही.

सासूबाई : आणि कोण आलं, कोण गेलं?

जावई : ते गाळून.

सासूबाई : गाळाच.

मुलगी : [बाहेर येत] झोपला एकदाचा. काय रे, उद्या रविवार. उद्याही जाणार? दर रविवारी इतकं काय अडतं त्या सर्व्हरचं?

जावई : नाही, म्हणजे उद्या कदाचित...

सासूबाई : अडतं. जाऊ दे त्यांना. मीही जायचे.

मुलगी : हो, तूही जायचीस. आजी किती कुरकुर करायची, सुनेला रविवारीसुद्धा घर दिसत नाही म्हणून.

सासूबाई : करायच्या खऱ्या. आणि जावईबापू, उद्या येताना ती सतरंजी घेऊन या. मी रिटायर झाल्यापासून धुतलेली नाही.

मुलगी : सर्व्हरला सतरंजी लागते?

सासूबाई : लागते. तसं कुठे लिहिलेलं नसतं.