जिप्समची भिंत

दोह्यातल्या अल नस्र भागातल्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होते. मागच्या खुर्च्यांवर दोन बायका मराठीत बोलत होत्या.

"हजराभाभी, नवं घर कसं आहे?"

"लांब आहे, भैरवीताई. तुमचं?"

"लांबच. पण कायद्यातलं आहे."

"आता म्हणतात, एका व्हिलात दोन फॅमिलींना परवानगी देणार."

"मी दोह्यात आले तेव्हापासून हेच म्हणतायत."

"देतील, इन्शाल्ला."

"आपल्या व्हिलातली, दोन घरांमधली जिप्समची भिंत पाडून झाली. आता देवोत नाहीतर न देवोत."

"तुम्ही इन्स्पेक्टरला खुशाल सांगितलंत, आम्ही एकच फॅमिली!"

"मग काय सांगणार? त्यानं माझी टिकली बघितली, तुमचा हिजाब बघितला, आत शिरला. दोन किचनमध्ये दोन शेगड्या दिसल्या, तेव्हा म्हणाला, खलास."

"आमचे हे म्हणत होते, एक शेगडी लपवा."

"कुकर चढवला होता हो. कशी लपवणार?"

"राहू दे आता."

"सहरीच्या जेवणाला पहाटे जाग येते का?"

"मोबाइलवर गजर लावते. तरी दोन रोजे न खाताच धरले. तुम्ही पहाटे डबा करायला उठायचात, भिंतीवर ठोकायचात. ती सवय झालेली."

"मी अजून ठोकते."

"कुठं?"

"नव्या घरात. उठले की हात आपोआप भिंतीकडे जातो. काल शेजारचा माणूस दारात आला, विचारायला लागला, काय प्रॉब्लेम आहे म्हणून."

"मग?"

"मग काय, सॉरी म्हटलं."